मालकाने दिलेली रजा

मी रबरी शिक्का बोलतोय. माझ्या छातीवरची अक्षरं उलटी, पण बोलणं सरळ. वर लाकडी मूठ, खाली एकच शब्द. ‘मालकीण’ मावेना, म्हणून ‘मालक’वर भागवलं.

माझी मालकीण बॅगांच्या चेनी बसवते, सुटकेसची मोडकी चाकं बदलते. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की त्याची बॅग बाहेर. एकटीचा धंदा. पावती फाडणार ती आणि ठप्पकन बसणार मी.

थोरल्या लेकीच्या वेळी बाळंतपणानंतर नवव्या दिवशीच तिने दुकान उघडलं. गिऱ्हाइकांनी तोंडभर कौतुक केलं. पोर पहिल्यांदा पालथी पडली, ते मात्र तिला सासूबाईंकडून कळलं. त्या दिवशी तिने एकाच बॅगेला दोनदा उलटी चेन बसवली.

दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा शेजारच्या शिंपीणकाकूंनी बातमी आणली. स्वतःचा धंदा असलेल्या बायकांनाही आता बाळंतपणाचा भत्ता मिळतो, फक्त तेवढे दिवस काम बंद ठेवायचं. अर्जात रकाना होता: ‘मालकाने रजा मंजूर केली आहे काय?’ नवरा म्हणाला, आपल्याला कुठला मालक, सोड रिकामा. अर्ज तसाच परत आला. मुदतीचा शेवटचा दिवस उरला. मला पर्समध्ये टाकून, पोट सांभाळत ती कचेरीत गेली.

खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “मालक कुठायत?”

“मीच.”

“मग रजा कोण देणार?”

“तेच तर, ताई. माझा मालक महाखडूस. मागच्या खेपेला नवव्या दिवशी कामाला जुंपलं त्याने.”

रांगेत हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी स्टॅम्पपॅड पुढे सरकवलं. “आज त्याच्याकडून लेखी घ्या. तीन महिने. आणि शब्द फिरवला, तर माझ्याकडे पाठवा त्याला.”

हजारो पावत्यांवर उमटलो असेन, पण इतका ठसठशीत कधीच नाही.

अर्ज मंजूर झाला. सध्या दुकानाला कुलूप आहे आणि मी घरच्या खणात, सेफ्टी पिनांच्या शेजारी. नवरा धाकट्याला आंघोळ घालतो. निम्मं पाणी स्वतःच्या अंगावर. सासूबाई खूश, भांडायला सून दिवसभर हाताशी आहे. थोरली आईच्या मांडीवरची जागा रोज मोजून घेते. माझं रबर कोरडं पडलंय, पण तक्रार नाही.

तुमच्या ओळखीत अशी कुणी मालकीण असेल, तर तिला विचारा, मालकाने शेवटची रजा कधी दिली? ती आधी हसेल. तेवढं थांबा. खरं उत्तर त्यानंतर येतं.