कोऱ्या मडक्यातील पापणी

अमरावतीच्या रुग्णालयात किशोरने डोळे उघडले, तेव्हा त्याने आईला हाक मारली नाही की पाणी मागितले नाही. "पापणी हाय का?" एवढेच त्याने विचारले.

"हाय ना बाबू, मजेत हाय," उशाशी बसलेले खुशालराव तत्काळ उत्तरले. पुन्हा एकदा सोयरीक मोडली म्हणून ज्या मुलाने विष घेतले होते, त्याला पित्याने दुसरे काय सांगावे? परंतु आपण बोललो ते खरे की खोटे, हे त्यांचे त्यांनाही ठाऊक नव्हते. दर्यापूरचे घर बंद होते, आणि महिना मे होता.

"आनून दाखवा," किशोर म्हणाला. आईने, दुर्गाबाईंनी, पुढे केलेली पेजेची वाटी दूर सारून त्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

पापणी ही पाल. क्रेस्टेड गेको नावाची, दूरच्या समुद्रातील एका बेटाच्या वंशाची. पुण्यात शिकत असताना किशोरने ती पाळली आणि गावी येताना सोबत आणली. डोळ्यांवर पापण्यांसारख्या तुऱ्यांची ओळ, म्हणून हे नाव. तिला शीतल, दमट हवा लागे. वऱ्हाडातील उन्हात ती जगावी म्हणून किशोर तिच्या काचेच्या पेटीभोवती ओली पोती गुंडाळी आणि कुस्करलेले केळे बोटाने चाटवी. खुशालरावांनी तिला कधी स्पर्श केला नव्हता. अंगावर पाल पडली, तर पंचांगात शुभाशुभ पाहून सचैल स्नान करणारे ते गृहस्थ होते.

दर्यापूर गाठून, घराचे कुलूप काढून खुशालराव आत आले. पोती वाळून कडक झाली होती. पेटीच्या कोपऱ्यात पापणी निश्चल पडली होती. खुशालरावांनी मनोमन देवाचे नाव घेतले, डोळे मिटून हात आत घातला, आणि नेमकी शेपूट धरली. ती तुटून त्यांच्या चिमटीत वळवळू लागली. पापणी मात्र झेप घेऊन समोरच्या काचेला चिकटली. जिवंत होती!

शेजारचे दुकानदार इनायतुल्ला दारात येऊन उभे होते. "काचीची पेटी एस्टीत नेता का खुशालभाऊ? शिजून जाईन ना थे!" असे म्हणून त्यांनी दुकानापुढच्या पाणपोईचे नवे मडके रिकामे करून आणले. "कोरं मडकं झिरपते. वरून ओला फडका बांधा. फडका सुकला का खेल खतम."

"मायाकून शेपूट तुटली ना, भाऊ."

"पालीले शेपूट येते परत. भिंतीवरच्याईले येत नाई का? पोराचं पाहा पयले."

पांढऱ्या फडक्याने तोंड बांधलेले मडके उराशी धरून खुशालराव गाडीत चढले, आणि गाडीतला गलबला थांबला. शेतकरी जीव देत होते त्या वर्षांत तसले मडके कोणी पाहिले नव्हते? कंडक्टरने सावलीच्या बाजूचा बाक रिकामा करवला. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. शेजारी बसलेल्या वृद्ध चतुराबाईंनी मडक्याला हात जोडले.

"पोरगा का, भाऊ?"

"हो."

"फवारणीचं औषध का फास?"

"औषध," खुशालराव बोलून गेले. मग त्या प्रश्नांचा अर्थ त्यांच्या ध्यानी आला. जित्या लेकाच्या अस्थी आपण मांडीवर घेतल्या! ते खरे सांगायला वळले, पण चतुराबाई पदरात तोंड लपवून रडत होत्या. "माया बी असाच गेला, दादा. कापूस वेचाच्या दिवसात."

अर्धी वाट सरली. फडका कडेने सुकू लागला. बाटलीतील अखेरचा थेंबही खुशालरावांनी त्यावर झटकला होता. मडक्यात हालचाल नव्हती.

"बाई, पानी हाय का? याच्यावर टाकाचं हाय."

"अस्थीवर पानी?"

"अस्थी नाई माय. पाल हाय. पोरगा जिता हाय दवाखान्यात. त्याची पाल हाय. हे मेली तं तो..."

"पालीसाठी आमाले उभं केलं का बे बुढ्यानं?" मागून कोणी ओरडले. काही हसले.

चतुराबाईंचे डोळे लाल झाले. "मले फुकट रडवलं ना रे मुडद्या!" त्या कडाडल्या, आणि त्याच दमात त्यांनी आपली बाटली फडक्यावर उपडी केली. "जिता हाय ना पोरगा? मंग काहून सांगतलं नाई आदी? ए मांगच्या, हसून काय राहिला? तुयी बाटली दे इकडे!"

रुग्णालयात खाटेवर बसवलेल्या किशोरने फडका सोडला. आत त्याने हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. अखेर त्याच्या मनगटावर पापणी चढून आली, आणि जिभेने तिने स्वतःचा डोळा पुसला.

"शेपूट?" किशोरने विचारले.

"माया हातानं तुटली, बाबू. येईन ना परत."

"नाई बाबा. हिच्या जातीले येत नाई."

खुशालरावांनी खाटेचा दांडा धरला. उन्हातून, लोकांच्या शिव्यांतून जपून आणले ते अपुरेच आणले. "मंग?"

"मंग काई नाई," किशोर तिच्याकडे पाहत म्हणाला. "तशीच जगते थे." थोड्या वेळाने तो पुटपुटला, "केळं हाय का? उपाशी असंन."

दुर्गाबाईंनी वाटीत केळे कुस्करले. किशोरने बोट पुढे केले. पापणीने ते सावकाश, पुन्हा पुन्हा चाटले. उरलेले केळे दुर्गाबाई तसेच धरून उभ्या राहिल्या. त्याला 'तूही खा' म्हणण्याचे धैर्य आईबापांपैकी कोणालाच होईना.

मग पालीने चाटलेले तेच बोट किशोरने वाटीत बुडवले आणि तोंडात घातले. खुशालरावांनी त्याला अडवले नाही.