अनुसयाबाईंच्या मागाची जागा

मी एक काळी टॅक्सी बोलतेय. नागपुरात, नाईक तलावामागच्या गल्लीत, पत्र्याच्या छपराखाली उभी आहे. इंजिन कधीचं गार पडलंय, पण जीव थाऱ्यावर नाही. उद्या सकाळी भंगारवाला न्यायला येणार, आणि त्याआधी मनातलं बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

जन्म कारखान्यात झाला. पहिली सहा वर्षं एका कापूस-व्यापाऱ्याकडे गेली, तिथे सीटला पांढऱ्या खोळी होत्या. चौऱ्याहत्तर साली मी भैयाजींच्या दारात आले. भैयाजी विणकर. हातमागाच्या लुगड्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा त्यांनी माग मोडला आणि टॅक्सी चालवायचं ठरवलं. पण मला ठेवायला जागा कुठे होती? त्यांनी मागाच्या खोलीची भिंत पाडली, मागाचा खड्डा मातीने बुजवला आणि मला त्यावर उभं केलं.

त्याच खड्ड्यात पाय सोडून त्यांच्या पत्नी, अनुसयाबाई, वीस वर्षं विणायला बसल्या होत्या. मी आले त्या दिवशी त्यांनी मला ओवाळलं, नारळ फोडला. आणि मग दोन वर्षं माझ्यात पाऊल ठेवलं नाही! स्टेशनवर जायचं असलं तरी सायकलरिक्षा बोलवायच्या. मला फार लागायचं ते. खड्डा मी बुजवला नव्हता, पण त्यावर ठाण मांडून मीच बसले होते ना.

भैयाजींचा मात्र माझ्यावर भारी जीव. विणकराच्या घरात बैल कुठला? लहानपणी लाकडी बैल ओढला, तेवढाच त्यांचा पोळा. मी आल्यावर दोन वर्षांनी त्यांनी हौस भागवून घेतली. आदल्या दिवशी माझ्या बॉनेटला तूप-हळद चोळली, जेवणाचं आवतण दिलं आणि पोळ्याच्या सकाळी मला थेट तलावात नेलं. अर्धी चाकं पाण्यात! बाजूला खरेखुरे बैल माझ्याकडे टकामका बघत होते. भैयाजी मला घासत होते, आणि मीही वेडी, खुशाल लाड करून घेत होते.

दिवाळीपर्यंत माझं दुखणं सुरू झालं. डावीकडे वळलं की खर्रर्र! सरळ रस्त्यावर काही नाही, उजवीकडे काही नाही. उतारू दचकायचे. मला ठाऊक होतं कुठे दुखतंय ते, पण सांगणार कशी?

मुकुंद मिस्त्रीने डावं चाक खोललं, ग्रीस भरलं, बंद केलं. आवाज तसाच. पुन्हा तेच चाक खोललं. "डावीकडे वळताना वाजते म्हंजे डावंच चाक असन न गा," म्हणायचा. तिसऱ्यांदा हात झटकून म्हणाला, "गाडी जुनी झाली भैयाजी. वाजनारच."

इकडे भैयाजींची लेक जया कुहीला सासरी, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून शुक्रवारी तिला आणायला मीच जाणार होते. मला घोर लागला. वाटेत चाक अडकलं तर? निखळलं तर? आत दोन जीव बसलेले! गुरुवारी मिस्त्री पुन्हा आला, तोच अनुसयाबाई बाहेर आल्या.

"माह्या पोरीले यात नाही बसवत मी. आधी मी बसून पायतो."

त्यांनी चपला गल्लीतच काढल्या आणि मागे बसल्या. मिस्त्री हसला. "वयनी, चप्पल घालूनच बसा न जी."

"बसाच्या जागी कोनी चप्पल घालून बसते काय गा?"

त्यांचे अनवाणी पाय माझ्या पत्र्यावर टेकले आणि माझी धडधड वाढली. मिस्त्री पुढे बसला, भैयाजींनी तलावाला फेरी मारली. डावं वळण आलं, मी कण्हले. "अजी, पुन्यांदा वळा," त्या म्हणाल्या. पुन्हा वळलो. तिसऱ्यांदाही.

"मुकुंदभाऊ, गाडी वळते डावीकडे, पन थरथर माह्या उजव्या पायाखाली होऊन राहिली. उजवं चाक खोला."

"पन वयनी..."

"वीस वर्सं पायानं मागाच्या पावड्या दाबल्या गा मी. मागात कुठं अडलं, ते डोयाच्या आधी पायाले समजे."

किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! डावीकडे वळताना माझा सारा भार उजव्या चाकावर येतो, एवढंच मला सांगायचं होतं. मिस्त्रीने चाक खोललं. ग्रीसचा पत्ता नाही, बेअरिंग गंजून लाल, आणि वर तलावाचा गाळ.

"भैयाजी, हे पान्यात काहून नेली होती?"

भैयाजींनी मान खाली घातली. "पोळा होता न गा."

अनुसयाबाई खो खो हसल्या. मी आल्यापासून त्यांचं हसू पहिल्यांदाच ऐकलं. नवं बेअरिंग बसलं आणि शुक्रवारी जया आईच्या खांद्यावर डोकं ठेवून माझ्यातून माहेरी आली. महिन्याभरात नात झाली.

त्याला नऊ वर्षं झाली. आता माझा पत्रा सडलाय. भैयाजी म्हणतात, गाडी गेली की जागेवर पानठेला टाकू.

पण काल दुपारी अनुसयाबाई आल्या. चपला बाहेर काढून मागच्या सीटवर बसल्या आणि पावड्या दाबाव्या तसा पायांनी बराच वेळ पत्रा दाबत राहिल्या. डावा, उजवा. डावा, उजवा. मला वाटलं, माझा निरोप घेताहेत. मग कळलं, त्या माझ्यात नव्हत्याच, माझ्या खाली होत्या.

भैयाजी, माझ्यासाठी काही नको. उद्या मी गल्लीबाहेर वळले की फावडं घ्या आणि तिथली माती उकरा. खड्डा अजून आहे.