तिसऱ्याचा आकडा चौथ्याचा म्हणून

ऐका, बोलतोय तो मी, एक ड्रायव्हर. गाडीवाला नव्हे हो! कॉम्प्युटरच्या गाभ्यात, ज्याला कर्नेल म्हणतात, तिथं राहणारा लहानसा प्रोग्राम. तापमान मोजणाऱ्या एका कार्डाचे आकडे कॉम्प्युटरला समजावून सांगायचे, एवढंच माझं काम. तेवढंही मला धड जमलं नाही.

मला लिहिलं फिनलंडमधल्या वेइक्कोनं, शेजारच्या राईलीच्या काकडीच्या हरितगृहासाठी; त्याचे भाग चार, प्रत्येकात एक थर्मामीटर. पुढं कर्नेलमध्ये जागा मिळाली आणि मी जगभर पोचलो. मग कार्ड बनवणारी कंपनी बुडाली, वेइक्को निवृत्त झाला, माझ्याकडे बघणारं कुणी उरलं नाही.

कर्नेलवाल्यांची एक सवय आहे. हजारो फायलींत एकदम झाडलोट करायची आणि खाली लिहायचं, 'कार्ड जवळ नाही, फक्त कंपाईल करून पाहिलं.' अशाच एका झाडलोटीत माझी एक ओळ बदलली. मी कंपाईल झालो, म्हणजे माझ्या ओळी यंत्राच्या भाषेत विनातक्रार उतरल्या, सगळे खूश! पण तेव्हापासून तिसऱ्या थर्मामीटरचा आकडा मी चौथ्याचा म्हणून सांगू लागलो आणि चौथ्याचा तिसऱ्याचा.

राईलीनं कॉम्प्युटर अद्ययावत केला, तसा बदललेला मी तिच्याकडे पोचलो आणि त्याच फेब्रुवारीत हरितगृहाच्या तिसऱ्या भागातला हीटर बंद पडला. स्क्रीनवर मात्र चौथा थंड दिसला. राखणीला तिचा भाऊ तौनो होता. त्यानं धावत जाऊन चौथ्याची ऊब वाढवली. तिसऱ्यातली सगळी रोपं गारठून मेली.

"अगं, स्क्रीनवर चौथाच थंड दिसत होता! शप्पथ!"

"यंत्र कशाला खोटं बोलेल रे? सौनाच्या वाफेत झोपला असशील लोळत!"

तौनो सामान घेऊन ओउलूला गेला तो गेलाच. एकटीला झेपेना म्हणून राईलीनं पहिले दोनच भाग चालू ठेवले. माझी चूक झाकली गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण मी आकडे तसेच उलटे सांगत राहिलो.

नऊ वर्षं गेली. परवा तांपेरेच्या सातूनं, जी आता आम्हा जुन्या ड्रायव्हरांचं बघते, सगळ्या कर्नेलवाल्यांना पत्र पाठवलं: 'याच्याबद्दल एकही तक्रार नाही, म्हणजे वापरणारं कुणी नाही. काढून टाकूया.' काकडीवाली बाई ती पत्रं कुठून वाचणार? तरी सातूनं रीत म्हणून वेइक्कोला फोन केला.

"वेइक्को, तुमचा ड्रायव्हर काढतेय. रागावू नका हं."

"काढ की! पण थांब, एक कार्ड राईलीकडे आहे. बघून येतो."

राईलीनं कॉफी दिली. वेइक्कोनं गंमत म्हणून तिसरा थर्मामीटर कपात बुडवला. स्क्रीनवर चौथ्याचा आकडा चढला. त्यानं पुन्हा बुडवला. पुन्हा चौथाच.

"राईली, हे असं कधीपासून?"

राईलीला तौनोची ती शप्पथ आठवली. मग तिनं फोन उचलला.

"तौनो, मी राईली. चूक तुझी नव्हती रे."

पलीकडून तौनो म्हणाला, "मला माहीतच होतं. तुला पटायला नऊ वर्षं लागली."

वेइक्कोनं कळवल्यावर आता सातू म्हणतेय, एका ओळीचं तर काम आहे, दुरुस्त करते. नको गं बाई. ओळ सरळ होईल, ती नऊ वर्षं होणार नाहीत. काढूनच टाक मला. फक्त काढताना खाली एवढं लिही: वापरणारी एक होती, तिला कुणी विचारलं नाही.