चालू आहे का, वहिनी?

वहिनींचा कॉम्प्युटर भाऊजींनी स्वतःच्या हातांनी जोडला होता आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून विकणं हाच त्यांचा धंदा. 'कंपनीचा' हा शब्द उच्चारताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जणू घासात खडा आला. "आत सगळं तेच असतं. पैसे मोजायचे ते वरच्या नावाचे," हे त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं.

तसा कॉम्प्युटर चालायचा झकास. फक्त चालताना गिरणीसारखा घरघरायचा. वहिनींनी तेही चालवून घेतलं असतं, पण त्या अंध मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. परवाच संस्थेतून निरोप आला होता: वाचन उत्तम, पण मागे सतत कसलंसं यंत्र चालू असतं, पुढचंही असंच आलं तर पुस्तक दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल. वहिनींना जेवण गोड लागेना. या कामात त्यांचा जीव होता, आणि दिराचं मन मोडायचंही जिवावर येत होतं.

भाऊजींनी पंखे बदलले, खाली रबर लावलं, शेवटी डब्याभोवती रजई गुंडाळली. घरघर दबली खरी, पण कॉम्प्युटर तापून बंद पडला. मग मात्र वहिनींनी मनाचा हिय्या केला आणि कंपनीचा आणला, जवळजवळ दुप्पट किमतीचा.

भाऊजी बघायला आले ते आजाऱ्याला बघायला यावं तसा चेहरा करून. वाकले, डब्याला कान लावला.

"चालू आहे का, वहिनी?"

"चालू आहे की."

"मग आवाज?"

"तो नसण्याचेच तर पैसे दिलेत, भाऊजी."

"म्हणजे जे नाही त्याचे दुप्पट! अहो, एवढ्यात मी दोन जोडून दिले असते."

"एकानेच कानठळ्या बसत होत्या. दुसरा कुठे ठेवू?"

बाहेरच्या खोलीत बसलेला वहिनींचा नवरा गालातल्या गालात हसला. भाऊजींना काही हसू आलं नाही. ते बाहेर भावापाशी जाऊन बसले. वहिनींना वाईट वाटलं, पण त्यांनी दार लोटलं आणि वाचायला घेतलं.

संध्याकाळी हेडफोन लावून त्या रेकॉर्डिंग तपासायला बसल्या. घरघरीचा मागमूस नव्हता. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि एका जागी, दोन वाक्यांच्या मध्ये त्या थांबल्या होत्या तिथे, दारापलीकडून भाऊजींचा आवाज आला, बारीक पण अगदी स्पष्ट.

"दादा, वहिनी वाचतात काय सुंदर रे! माझ्या त्या डबड्याने इतकी वर्षं ऐकूच दिलं नाही. सांगू नकोस हं त्यांना."

वहिनींचे डोळे भरून आले. ते पान त्यांनी पुन्हा वाचून रेकॉर्ड केलं, पण आधीचं पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पुन्हा हजर. "मग? काय जास्त मिळालं दुप्पट पैशांत?"

वहिनींनी हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. ऐकता ऐकता भाऊजी कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"एवढंसुद्धा ऐकू येतं यात?"

"कंपनीचा आहे ना," वहिनी म्हणाल्या.