फोनवरचं हसू

हितेंद्रच्या प्रत्येक प्रहसनाला पहिलं हसू जळगावात मिळायचं, मग मुंबईत. निदान तो सगळ्यांना तसं सांगायचा. टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात तो स्वतः लिहायचा आणि स्वतःच काम करायचा. दर आठवड्याला नवं प्रहसन लागे. लिहून झालं की संध्याकाळी फोन लावायचा आणि बायकोला, चारुलताला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा. ती हसली ते राहिलं, ती गप्प राहिली ते कापलं. "माझी परीक्षक जळगावला प्राथमिक शाळेत शिकवते," असं तो मुलाखतींत अभिमानानं सांगे.

चारुलता मुंबईला गेलीच नाही. तिची नोकरी होती, आणि हितेंद्रचे वडील कौतिकआबा जळगाव सोडायला तयार नव्हते. जरा जम बसला की सगळ्यांना नेऊ, असं हितेंद्र म्हणायचा. जम बसला, नाव झालं, नशिराबादजवळ चहाला थांबला तरी लोक फोटो काढून घ्यायला लागले. पण न्यायचं राहून गेलं. आबाही गेले. मग कार्यक्रमात नवी पोरं आली. दिग्दर्शकानं एकदा बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं लिखाण हल्ली फार ओरडतं, सुरुवातीला तसं नव्हतं. हितेंद्रला ते पटलं नाही. घरी तर चारू पूर्वीपेक्षा जास्तच हसत होती. पुढच्या पर्वासाठी त्याला कुणी बोलावलं नाही. वर्षभर इकडेतिकडे खेटे घालून तो शेवटी सामान घेऊन जळगावला परत आला.

परत आल्यावर त्यानं एका नव्या यूट्यूब चॅनलसाठी प्रहसन लिहिलं आणि वाचून दाखवायला स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. सुटीत घरी आला की तो लिखाणाचं नाव काढत नसे, त्यामुळे समोर बसून वाचायची ही पहिलीच वेळ. चारुलता भाकरी करत होती. पहिल्याच विनोदाला ती हसली. तेच, खळखळून, ओळखीचं. हितेंद्रनं सुखावून मान वर केली. तिची नजर तव्यावर होती. भाकरी फुगते की नाही ते ती बघत होती, आणि तोंडातून तो हसण्याचा आवाज येत होता. पुढच्या विनोदालाही तसंच. त्यानं कसंबसं शेवटपर्यंत वाचलं. ती म्हणाली, छान झालंय, आणि त्याचं ताट वाढलं. शाळेतून दमून आली असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

त्यानंतर आठवडाभरानं तिची थोरली बहीण कुंदाबाई शिंदखेड्याहून आली. दुपारी दोघी मेथी निवडत बसल्या होत्या. हितेंद्र पाणी प्यायला आत आला तर चारुलता भिंतीला टेकून, पदर तोंडावर धरून बसलेली. खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र अजिबात नाही. माहेरची काही वाईट बातमी आली असं वाटून तो घाबरून पुढे झाला. कुंदाबाई म्हणाली, "काही नाही हो, हासी राहिनी ती." गावातल्या एका लग्नात नवरदेवाची घोडी पिठाच्या गिरणीसमोर बसली ती उठेचना. बँडवाले एकच गाणं वाजवत राहिले आणि नवरदेव वर बसल्या बसल्या झोपी गेला. "बठ्ठं गाव तठेच बसेल शे!" अख्खं गाव अजून तिथंच बसलंय, असं कुंदाबाईनं म्हटलं मात्र, चारुलता पुन्हा भिंतीवर कलली. लहानपणापासून ही अशीच हसते, कुंदाबाईनं सांगितलं. आई घाबरून पाणी मारायची तोंडावर.

बहीण गेल्यावर हितेंद्रनं विषय काढला.

"मग फोनवरचं हसणं कुणाचं होतं, चारू?"

 तिनं सरळ सांगितलं. पहिल्या पहिल्या प्रहसनांना ती अशीच, पदर तोंडात धरून हसायची. तो तिकडून "हॅलो, हॅलो" करायचा. तिला बोलता येईपर्यंत तो म्हणायचा, नाही ना जमलं, कापतो. एकदा तर रागानं फोनच ठेवला. "तुम्ही इतके खट्टू व्हायचात," ती म्हणाली, "म्हणून मग मी आवाज काढायला शिकले. नंतर तीच सवय पडली."

हितेंद्रला ते फोनमधले रिकामे क्षण आठवले. तिथेच त्यानं पेन चालवलं होतं. उरलं होतं ते तिनं आवाज काढून पास केलेलं.

"प्रत्येक वेळी?"

"आबांना ॲडमिट केलं त्या दिवशीसुद्धा. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. आधी सांगणार होते, पण तुम्ही वाचायलाच सुरुवात केलीत. कुठून बोलतेस, असं तुम्ही कधी विचारलं नाहीत."

ती आवाज न चढवता बोलत होती, जणू त्या गोष्टीचा राग येऊन निवूनही गेला होता.  माफी मागावी तर कशाकशाची, ते हितेंद्रला कळेना. शेवटी त्यानं विचारलं, की कापलेलं काही तिला आठवतं का.

आठवतं, ती म्हणाली, आणि सांगू लागली. एका प्रहसनात आबा पुतण्यासाठी मुलगी बघायला दोंडाईच्याला जातात आणि भलत्याच घरात शिरतात. घरच्यांना वाटतं जनगणनेचे साहेब आले. ते घरात माणसं किती, नळ आहे का, सगळं भराभर सांगतात. आबांना वाटतं, माणसं किती मोकळी आहेत. आबा विचारतात, मुलीला स्वयंपाक येतो का? घरचे सांगतात, हो साहेब, गॅसवर...

पुढचं तिला सांगता येईना. पदर तोंडावर गेला, खांदे हलू लागले.

हितेंद्र तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. हे आपण लिहिलं होतं, हे त्याला काही केल्या आठवेना. पुढे काय होतं, असं त्यानं दोनदा विचारलं. ती हातानंच थांबा म्हणत होती.