दोन नारळांचा पूल

मांडवगणकडून ओढा ओलांडला की समोरच्या माळावर ज्ञानूआबाची वस्ती. एके काळी मेंढरं घेऊन मुलूखभर फिरणारी ही माणसं आता ऊस-कांद्यात स्थिरावली होती. सातवीपर्यंतची शाळा वस्तीवरच होती. आठवीला मात्र ओढ्यापलीकडं मांडवगणला जावं लागे. उन्हाळ्यात त्या ओढ्यात चिमणीला प्यायला पाणी नसे, पण पावसाळ्यात भीमा फुगली की पाणी ओढ्यात मागं चढे आणि दिवाळी उलटली तरी उतरत नसे. मुलगे दप्तर-कपडे डोक्याला बांधून पोहत जात. मुली घरी बसत. अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात वस्तीवरच्या नकुशीच्या थोरल्या लेकीनं घरी बसायचं नाही असं ठरवलं. भावाचा हात धरून ती पाण्यात उतरली, आणि मध्यावर हात सुटला.

सांत्वनाला तात्या आले. तात्या म्हणजे तेव्हा राज्यात ज्यांचं सरकार होतं, त्या पक्षाचे तालुक्यातले पुढारी. नकुशीच्या दारात बसून त्यांनी पुलाचा शब्द दिला आणि तो पाळला, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या उन्हाळ्यात नारळ फुटला, तात्यांच्या नावाचा दगड बसला, आणि मांडवगणच्या अयुब गवंड्यानं पावसाच्या आत एक खांब वर काढला.

ज्ञानूआबाची नात साधना तेव्हा नुकतीच सातवीत गेली होती. रोज संध्याकाळी शेरडं घेऊन ती खांबापर्यंत जाऊन यायची.

"आबा, दुसरा खांब कवा व्हायचा?"

"पाणी उतरलं की."

"आन् मी आठवीत कवा जायची?"

"त्याच्या फुडल्या पावसाळ्यात. तवर पूल झालेला असतोय बघ."

बिरदेव, म्हणजे साधनाचा बाप, बाजूला बसून हे ऐकायचा. नकुशीच्या पोरीला पाण्यातून त्यानंच खांद्यावर आणलं होतं. एकदा जेवताना तो म्हणाला, "आबा, पूल झाला तर शाळा. पाण्यातनं मी पोरगी धाडणार न्हाई. पाडव्यापतुर काम लागलं न्हाई, तर मामाकडनं दौंडचं स्थळ आलंय, ते बघायचं."

"आरं, तेरा वर्साची हाय ती."

"नकुशीची बी तेराचीच हुती."

पूल करून घेणं एवढंच आबाच्या हातात होतं.

पाणी उतरायच्या आत निवडणूक झाली आणि सरकार बदललं. आता तालुक्यात रावसाहेबांचा शब्द चालू लागला. ज्ञानूआबानं उभ्या आयुष्यात पाहिलं होतं, की सरकार बदललं की आधीच्यांची कामं पोरकी होतात. म्हणून त्यानं त्याला येणारी एकच विद्या वापरली. बिरोबाच्या जत्रेत पहिल्या मानावरून दोन भावकींची डोकी फुटायची. आबानं तिथं दोन्हीकडच्या कारभाऱ्यांना एकाच वेळी नारळ फोडायला लावला आणि वीस वर्षं जत्रा सुखानं चालवली. त्याचं म्हणणं साधं होतं : मान दिल्यानं देव काही वाटला जात नाही.

तो शिरूरला जाऊन रावसाहेबांना म्हणाला, "साहेब, पूल तुमचा समजा. तुमच्या हातानं नारळ फोडा."

रावसाहेब खूश झाले. "नुसत्या नारळानं भागत न्हाई, आबा. जुन्या मंजुरीवर त्यांचं नाव हाय. आपण नवीच आणू. उसाची ट्रॉली जाईल असा रुंद पूल! तुम्ही वस्तीचा अर्ज द्या, जुनं काम रद्द करून नवं करा म्हणून."

आबानं अर्ज दिला. पौषात दुसरा नारळ फुटला. तात्यांच्या दगडाशेजारी त्याहून हातभर मोठा दगड बसला. तो बसवताना अयुब म्हणाला, "आबा, एका लेकराचं दोनदा बारसं केलं की लेकरू रडकं निघतंय बरं का."

"गप रं. रडकं असलं तरी चालंल, जगूं दे म्हंजी झालं."

माघात मुंबईहून हुकूम आला. राज्यावर कर्जाचा डोंगर झाला होता. पगार आणि व्याज भागवताना तिजोरीला घाम फुटत होता. म्हणून खर्चाला मर्यादा घातली गेली : चालू कामं पुरी करायची, नव्या कामाला हात लावायचा नाही. तसा हुकूम शहाणपणाचाच होता. घर कर्जात बुडालं की जाणता माणूस नवी खोली काढत नाही, अर्धी राहिलेली भिंत तेवढी पुरी करतो. आबानंही ऐकून मान डोलवली. आपली भिंत अर्धी उभी आहे, तिला कशाचं भय?

पण ठेकेदाराची माणसं आली नाहीत. आबा एसटीनं शिरूरला गेला. बांधकामाच्या ऑफिसात शाहिस्ता मॅडम म्हणून कारकून होत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सांगितलं, "आबा, तुमचं काम नव्यात धरलंय. मंजुरी डिसेंबरची आहे."

"मॅडम, खांब उभा हाय की तिथं! पुरुषभर उंच."

"तो खांब जुन्या कामाचा. ते काम तुमच्याच अर्जावरून रद्द झालंय."

आबा टोपी काढून हातात धरून बसला. तो म्हणाला, "मग माझा अर्ज माघारी द्या."

मॅडमनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला. "एक वाट आहे. नवी मंजुरी नको, जुनीच चालू ठेवा, असं रावसाहेबांनी वर कळवलं तर काम चालूत बसेल. पण मार्च संपायच्या आत."

आबा तडक रावसाहेबांच्या बंगल्यावर गेला. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. रावसाहेब मोठ्यानं सांगत होते, "मागच्यांनी राज्य गहाण टाकलं! आता आम्ही काटकसर करतोय तर बोंब मारत्यात." माणसं माना हलवत होती. आबाचं म्हणणं रावसाहेबांनी ऐकून घेतलं, मग त्याला बाजूला नेऊन म्हणाले, "आबा, जुनी मंजुरी चालू झाली तर दगड कुणाचा ऱ्हाईल?"

"साहेब, दोन्ही ऱ्हाऊ द्या."

"कागदावर एकाचंच नाव ऱ्हातंय. मी माझ्या हातानं तात्याचा पूल बांधून देऊ? मर्यादा हाय, पैसा थोडा हाय. त्यात कुणाकुणाचं बसवायचं?"

त्याच मर्यादेत रावसाहेबांच्या गावची स्वागत कमान मात्र चालू काम म्हणून बसली होती. येताना एसटीच्या खिडकीतून आबानं तिला रंग लावताना पाहिलं होतं. ते ओठावर आलं, पण मागायला आलेल्या माणसानं टोचून बोलू नये, म्हणून त्यानं गिळलं.

तिथून तो तात्यांकडं गेला. तात्या ओसरीवर चहा पीत होते.

"या या, आबा! दुसरा नारळ गोड लागला का?"

"चुकलं माझं, तात्या. पर तुम्ही मुंबईला जोर लावा. तुमचाच पूल हाय त्यो."

"जोर लावणारच. त्या खांबाचा फोटो काढून पेपरला देणार. म्हणावं, हे बघा, आम्ही बांधत होतो, ह्यांनी बंद पाडला. म्हणे कर्ज! कर्ज काय आम्ही घरला नेलं?" तात्यांनी बशी खाली ठेवली. "खांब हाय तसा ऱ्हाऊ द्या, आबा. त्या एका खांबावर फुडली इलेक्शन मारतो बघा. मग तुमचा पूल."

"कवा हाय इलेक्शन?"

"आसंल दोन वर्सांनी."

"तवर पोरीचं काय, तात्या?"

"पोरीबाळींसाठीच तर लढतोय आपण," तात्या म्हणाले.

मार्च संपला. पाडव्याच्या दिवशी बिरदेवनं गुढी उभारली आणि बापाला लिंबाचा पाला दिला. दुपारी तो दौंडला मामाकडं गेला. साधना वार्षिक परीक्षेचा भूगोल वाचत होती. तिनं पुस्तकातून डोकं वर काढलं.

"आबा, सरकारला कर्ज कोण देतं?"

"बँका देत असतील."

"आन् सरकारनं फेडलं न्हाई तर त्यांच्या घरातली भांडी नेत्यात का?"

"न्हाई गं."

"मग त्यांचं काय नेत्यात?"

आबानं तिला हाक मारून जवळ बसवलं आणि दौंडचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग पुस्तक उचललं आणि कोपऱ्यात पाठ करून वाचत बसली. पान उलटल्याचा आवाज काही आला नाही.

वैशाखात वस्तीवरच मांडव पडला. सोयऱ्यांच्या शब्दाखातर तात्या आले, रावसाहेबही आले. दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं, फेटे बांधले. नवरीचं वय कुणी विचारलं नाही. माइकवाल्यानं आधी रावसाहेबांना आशीर्वादाला बोलावलं. चार शब्द संसारावर बोलून ते म्हणाले, "संसारात एकच पथ्य पाळा. ऋण काढून सण करू नका. मागच्या सरकारनं तेच केलं, म्हणून आज..." टाळ्या पडल्या. मग तात्या उठले. "कर्ज काढलं, पण कामं दाखवली! ह्यांनी कामं बंद करून कर्ज वाढवलं!" आता तिकडून टाळ्या पडल्या. रावसाहेबांनी पुन्हा माइक मागितला. वऱ्हाडी हसू लागले. कुणी शिट्टी मारली. मुहूर्त टळत होता, भटजी अंतरपाट धरणाऱ्यांकडं पाहत होते, आणि पाटावर मुंडावळ्या बांधून उभी असलेली साधना घामानं निथळत होती.

आबा गर्दीतून पुढं गेला. त्यानं रावसाहेबांच्या हातातून माइक घेतला. आबाला पुष्कळ बोलायचं होतं, पण तो पोरीकडच्या बाजूचा माणूस होता आणि समोर पाहुणे होते.

"सावधान करा," तो म्हणाला. "पोरगी मघाधरनं उभी हाय."

अक्षता पडल्या. दोन्ही पुढारी एकमेकांच्या हातावर टाळी देऊन, हसत, आपापल्या जीपकडं गेले.

तिसऱ्या प्रहरी वरात निघाली. ओढा ठणठणीत कोरडा होता. नवरीचा ट्रॅक्टर उतारावरून खाली गेला, खांबाला वळसा घालून वाळूतून विनासायास पलीकडं चढला. वस्तीवरच्या पोरी मागं धावल्या. शाळा सुटलेली, सुट्टीचे दिवस. त्या मांडवगणच्या काठावर चढून नाचत होत्या, पुन्हा खाली उतरत होत्या, पुन्हा चढत होत्या. त्यात नकुशीची धाकटीही होती. यंदा ती सातवीत जाणार होती.

आबा अलीकडच्या काठावर उभा राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहिला.

"माघारी या गं," तो ओरडला. "लांब जाऊ नका. माघारी या."