फळ्यांवरची जागा

माझा धाकटा भाऊ गोविंदा मागावर बसला की देवमाणूस, आणि टीव्हीसमोर बसला की दगड. हे मी बहीण म्हणून सांगते. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

शहाऐंशी सालची दिवाळी आटोपली आणि मी सावनेरहून नागपूरला त्याच्याकडे राहायला गेले. घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्याने मुलीचं गाऱ्हाणं सुरू केलं. चंद्रकला यंदा दहावीला. शाळेतून निरोप आला होता, की ती वर्गात झोपते.

"टीव्ही पाहत जागते बाई, मंग दिवसा डोलते," गोविंदा म्हणाला. "झोपाचंच हाये तं शाळा काहून पाहिजे? सोमवारपासून मागावरच बसवतो तिले."

चंद्रकला माझ्यासाठी पाणी घेऊन आली होती. तिने पेला माझ्यापुढे ठेवला आणि बापाकडे न पाहता आत गेली. मला भयंकर राग आला, पण आल्या आल्या भांडण नको म्हणून गप्प बसले. इतकी गप्प मी माझ्या लग्नातही बसले नव्हते.

गोविंदाचं घर म्हणजे एक स्वयंपाकघर आणि एक मागाची खोली. दिवसा तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणतो. संध्याकाळी खड्ड्यावर फळ्या टाकल्या, की तीच चंद्रकलेची निजायची जागा. आणि त्या फळ्यांच्या बरोबर समोर, पेटीवर, नवा टीव्ही.

जेवणं झाली आणि शेजारचा ईश्वरदास आला, त्याची बायको आली, तिच्या मागोमाग तिची आई. सगळी मंडळी फळ्यांवर ऐसपैस बसली. आलेल्या माणसाला ऊठ म्हणायची आमच्यात रीत नाही. गोविंदा सगळ्यांच्या पुढे. कार्यक्रम संपून पडद्यावर मुंग्या नाचू लागल्या, तरी त्यातून काही निघतं का म्हणून तो पाहतच होता. चंद्रकला मागे भिंतीला टेकून, डोळे ताणून बसलेली. मी कंटाळून स्वयंपाकघरात भावजयीजवळ जाऊन पडले.

सकाळी चहा घेताना मी भाचीला सहज विचारलं, "काल त्या मालिकेत शेवटी काय झालं वं?"

"मले नाही माहीत, आत्या."

"नाही कसं? एवढा वेळ तं पाहून राहिली होती!" गोविंदा खेकसला.

"मी पाठी मोजून राहिली होती, बाबा," ती हळूच म्हणाली. "कोण उठलं, किती उरले. सगळे उठले का मंग मले अंथरूण टाकता येते."

गोविंदाने बशी खाली ठेवली. "मंग सांगाचं नाही का, ईश्वरदास लय वेळ बसते म्हणून?"

"ईश्वरकाका तं लवकर जाते." तिने मान खाली घातली. "शेवटची पाठ तुमचीच असते."

रात्रभर मी भावाला सुनवायची वाक्यं जमवली होती. त्याचा चेहरा पाहिला आणि सगळी चहाबरोबर गिळून टाकली. लहानपणी माझी बाहुली मोडली होती त्याने, तेव्हाही असाच दिसला होता. फार जीव आहे माझा त्याच्यावर.

दिवसभर माग चालला. दिवेलागणीनंतर त्याने स्वतःच फळ्या पुसल्या, गोधडी अंथरली, टीव्हीवर चादर टाकली आणि चंद्रकलेला जेवल्याबरोबर निजवलं. मी पांघरूण घालेपर्यंत पोर झोपलीसुद्धा.

मग ईश्वरदास आला आणि दारातच थबकला. निजलेल्या माणसाला ओलांडायचं नाही, हे त्यालाही ठाऊक. मागे त्याची बायको आणि सासू टाचा उंचावून आत डोकावू लागल्या.

"काहून गा गोविंदा, टीव्ही बिघडला का?"

गोविंदा दाराशी बसला होता. त्याचं मन त्या चादरीखालीच होतं, बोटं सारखी गुडघ्यावर चाळवत होती.

"हळू बोल गा," तो म्हणाला. "पोट्टीले सकाळी शाळा हाये."